सेवा, संताप आणि प्रार्थना

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध धर्मबांधवांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाण्याची आपल्या धर्मग्रामांत जुनी प्रथा आहे. अशाच एका फेरीत आम्ही एका घरी गेलो. आजीबाई कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या. उशाशी पांढरा रुमाल अंथरलेले मेज, त्यावर क्रूस आणि मेणबत्ती. सारी तयारी सुनेने केलेली. प्रार्थना आटोपल्यावर ती आम्हांला दारापर्यंत पोहोचवायला आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, हल्ली माझी रोझरी होत नाही. रविवारची मिस्साही चुकते. आईंना एकटं टाकून येता येत नाही."

आम्ही तत्काळ उत्तर दिले, "बाय, तू करतेस ती सेवा हीच तुझी प्रार्थना."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पण फादर, मी ती प्रेमाने कुठे करते? रात्री तिसऱ्यांदा हाक आली की संताप होतो. कधी वाटतं, देवाने आईंना सोडवावं. ह्यालाही प्रार्थना म्हणायचं का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आशीर्वाद देऊन आम्ही निघालो. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर चालत राहिला.

'काम हीच प्रार्थना' हे वाक्य आम्ही धर्मगुरू प्रवचनांत सढळ हाताने वापरतो. ज्याला प्रार्थना टाळायची आहे, त्याला ते सोयीचे. आणि ज्याला समोरच्याचे दुःख फार वेळ ऐकायचे नाही, त्यालाही सोयीचे. वस्तुतः काम आपोआप प्रार्थना होत नाही. प्रभू येशूने आयुष्याचा बहुतांश काळ नाझरेथमध्ये घालवला. गावकरी त्याला सुतार म्हणूनच ओळखत होते. श्रमाचे मोल त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरीही पहाटे अंधारात उठून तो एकांती प्रार्थनेला जात असे, असे संत मार्क सांगतो. श्रमाला देवाकडे वळवण्यासाठी क्षणभर का होईना, थांबावे लागते.

मग संतापाचे काय? येथे बाळ येशूची संत तेरेजा आठवते. १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती फ्रान्समधील लिजिए येथील कार्मेल मठात दाखल झाली. त्या मठात एक अधू धर्मभगिनी होती. सायंप्रार्थना संपण्याच्या दहा मिनिटे आधी कोणीतरी उठून तिला भोजनगृहात न्यावे लागे. तिची मर्जी राखणे कठीण. भरभर चालले तर पडेन म्हणे. सावकाश चालले तर आधार नीट नाही म्हणे. हे काम मागून घेणे आपल्याला जड गेले, हे तेरेजाने लपवलेले नाही. तरी ती रोज प्रार्थनेतून उठली. एके दिवशी त्या भगिनीला भाकर नीट करून घेता येत नाही हे तिने पाहिले, आणि कोणी न सांगता तेही काम ती करू लागली. पुढे १८९६ च्या पुनरुत्थान सणापासून १८९७ साली मृत्यू येईपर्यंत सुमारे दीड वर्ष तिची श्रद्धा गडद अंधारात चाचपडत होती. त्याच तेरेजाला १९९७ साली ख्रिस्तसभेने 'धर्मपंडिता' म्हणून गौरवले. गोड भावना म्हणजे श्रद्धा नव्हे, हेच तिने जगून दाखवले.

म्हणून त्या सुनेला आज आम्ही वेगळे उत्तर देऊ. संताप ही प्रार्थना नव्हे. पण संतापूनही तू तिसऱ्यांदा उठलीस, ते उठणे प्रेमाचे आहे. आणि दारात जे आम्हांला सांगितलेस, तेच देवाला सांग. स्तोत्रसंहितेत देवापुढे मांडलेली गाऱ्हाणी काय थोडी आहेत? रोझरी पूर्ण होत नसेल तर त्या खाटेशेजारी एकच 'नमो मारिया' म्हण.

मात्र एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पावित्र्याचे पाचारण सर्वांसाठी आहे असे शिकवले. एका घरातील एकाच बाईसाठी नव्हे! शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून येशूकडे आणले होते. आपल्या घरांत मात्र बहुधा एकटी सून खाट उचलते, आणि आपण तिला 'संत' म्हणून मोकळे होतो. स्तुती करून आपला वाटा चुकवणे, हेही पापच आहे.

पुढच्या फेरीत आम्ही तिच्या पतीला विचारले, "रात्री कोण उठतं?" तो खाली पाहू लागला. त्या रविवारी तो पहाटेच्या मिस्साला आला आणि नंतरच्या मिस्साच्या वेळी आईजवळ बसला. सून कित्येक महिन्यांनी देवळात आली आणि आमच्या प्रवचनात तिला डुलकी लागली. आम्हांला त्याचे वाईट वाटले नाही.

वाचकहो, आपल्या घरात अशी एखादी खाट असेल. तिच्या चार कोपऱ्यांपैकी एक आपला आहे. तो उचलावा, आणि उचलताना, जमेल तितके, देवाचे नाव घ्यावे.