आमच्याने काय होणार?

पावसाचे मान बदलले आहे, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. मृग कोरडा जातो, आणि पुढे एखाद्या रात्री आभाळ फाटल्यासारखे पाणी पडते. कोळसा व तेल जाळून मनुष्याने हवेत जे वायू सोडले त्यांनी पृथ्वी तापली आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरिते. म्हणून पाऊस आला म्हणजे कोसळतो. अशा पावसाने काय होते, हे पुणे शहराने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिले. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा वस्त्यांत शिरला. शहरात व आसपास वीसांहून अधिक माणसे मृत्यू पावली. ओढ्याचे पात्र पूर्वीच बांधकामांनी आवळले गेले होते, आणि फार हाल झाले ते काठच्या गरिबांचे.

हे सांगितले म्हणजे मंडळीतील बंधुभगिनींकडून दोन उत्तरे ऐकू येतात. एक असे की, “हा मोठ्या राष्ट्रांचा व कारखानदारांचा दोष, आमच्याने काय होणार?” दुसरे असे की, “देवाची इच्छा.” पहिल्या उत्तरात बरेच सत्य आहे. ज्याच्या दारी मोटार नाही त्याचा दोष थोडा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोष कोणाचा हा एक प्रश्न, आणि कर्तव्य कोणाचे हा दुसरा. शेजाऱ्याच्या शेतातील आग आपल्या गंजीस लागली, तर निवाडा होईपर्यंत कोणी हात बांधून बसत नाही. दुसऱ्या उत्तराविषयी इतकेच म्हणतो की, मनुष्याने केलेले देवाच्या माथी मारणे ही भक्ती नव्हे.

“हे सर्व मी थांबवीन काय?” असे विचारले की उत्तर “नाही” हेच येते, आणि मन त्या उत्तराआड लपते. विचारावयाचे ते असे: माझ्या वाट्यास काय आले आहे, आणि ते मी कोणाबरोबर करू? नहेम्याच्या काळी यरुशलेमेचा कोट कोणा एकाने बांधिला नाही. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला, आणि कोट उभा राहिला.

पुण्यातील कचरा वेचणाऱ्या स्त्रियांकडे पाहा. पाठीवर पोते घेऊन फिरणाऱ्या ह्या स्त्रियांस चोर समजून हाकलीत असत. त्यांच्याहून असहाय कोण? तथापि १९९३ साली त्या एकत्र येऊन कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने तिच्याशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. तो टिकविण्यासाठी त्यांस पुढेही झगडावे लागले. त्यांनी निवडलेला कागद व पत्रा पुन्हा वापरात येतो, आणि नवा माल घडविण्यास लागणारे बरेच इंधन वाचते. ओल्या कचऱ्याचे खत केले म्हणजे तो ढिगाऱ्यात कुजून मिथेन सोडीत नाही. हा वायू कोळशाच्या धुरातील वायूपेक्षा कित्येक पटींनी अधिक उष्णता धरितो. जगाचे तापणे ह्या स्त्रियांनी थांबविले नाही. त्यांनी आपला वाटा उचलला.

खेड्यातही हे घडले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतरच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदान करून डोंगरउतारावर चर खणले, मोकाट चराई बंद केली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली, आणि गावात किती पाणी आहे हे मोजून पिके ठरविली. एकट्यानेच कूपनलिका न घेण्याचा निश्चय केला असता, तर शेजाऱ्याने पाणी ओढून नेले असते. नियम सर्वांनी पाळला, म्हणून पाणी उरले.

तेव्हा उपदेशकांस आमची विनंती अशी की, येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीस विचारावे: आपल्या गावचा ओढा कोठे बुजला आहे, आणि पाणी कोठे वाहून जाते? मग शेजारच्या सर्व वस्त्यांस बरोबर घेऊन ग्रामसभेत जावे आणि जे सरकारने करावयाचे ते निर्भयपणे मागावे. जे आपल्या हातचे आहे, त्यास पावसाळ्यापूर्वी कुदळ लावावी.