कबुलीची किंमत

चूक करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, असे आपण सहज म्हणतो. आणि चूक कबूल करणाऱ्याला क्षमा केली पाहिजे, असेही तितक्याच सहजपणे म्हणतो. ही दोन्ही वाक्ये आम्ही मास्तर लोक मुलांना एकाच वर्गात, कधी कधी एकाच तासाला शिकवतो. पण दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी लागू पडली, तर काय करायचे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. अमेरिकेतील एका परिचारिकेची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे. २०१७ सालच्या डिसेंबरात तेथे पंचाहत्तर वर्षांच्या एक बाई मेंदूतील रक्तस्रावासाठी दाखल झाल्या होत्या. त्यांची प्रकृती सुधारत होती. तपासणीच्या बंदिस्त यंत्राची त्यांना भीती वाटू लागली, म्हणून मन शांत करणारे व्हर्सेड नावाचे औषध द्यायचे ठरले. रॅडोंडा वॉट ही परिचारिका ते आणायला गेली. संगणकावर चालणाऱ्या औषधांच्या कपाटावर तिने नावाची पहिली दोन अक्षरे दाबली. औषध तेथे दुसऱ्या, शास्त्रीय नावाने नोंदलेले होते. ते सापडेना, तेव्हा तिने यंत्राची नेहमीची अट बाजूला सारली आणि त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारे दुसरेच औषध काढले. ते होते व्हेक्युरोनियम, म्हणजे शरीराचे स्नायू लुळे पाडणारे औषध. व्हर्सेड पातळ असते, हे भुकटीच्या रूपात होते. बाटलीच्या झाकणावर धोक्याची सूचना छापलेली होती. तिने ते वाचले नाही. इंजेक्शन देऊन ती निघून गेली. बाईंचा श्वास थांबला आणि दुसऱ्या दिवशी त्या वारल्या.

चूक ध्यानात आली तेव्हा त्या परिचारिकेने ती त्याच दिवशी सांगून टाकली. रुग्णालयाने मात्र वेगळा मार्ग धरला. मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला औषधाच्या चुकीविषयी सांगितलेच नाही, त्यामुळे मृत्यू नैसर्गिक ठरला. परिचारिकेला जानेवारीत कामावरून काढले आणि मृत बाईंच्या कुटुंबाशी, वाच्यता न करण्याच्या अटीवर, तडजोड केली. २०१८ च्या अखेरीस कुणीतरी निनावी कळवले, सरकारी तपासनीस आले, तेव्हा कुठे सत्य बाहेर पडले.

आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय जसे नर्सचे काम करता येत नाही, तसा तिकडे प्रत्येक राज्याच्या मंडळाचा परवाना लागतो. २०१८ च्या ऑक्टोबरात टेनेसीच्या आरोग्य खात्याने तिला कळवले की, या प्रकरणात कारवाईचे कारण दिसत नाही. पुढे तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला, गाजावाजा झाला, २०१९ च्या फेब्रुवारीत तिला अटक झाली. आणि त्याच सप्टेंबरात परवान्याचे बंद झालेले प्रकरण पुन्हा उघडले गेले. २०२१ च्या जुलैत मंडळाने तिचा परवाना रद्द केला. २०२२ च्या मार्चमध्ये ज्यूरीने तिला हलगर्जीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी धरले. मे महिन्यात न्यायाधीशांनी तुरुंगात न पाठवता तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले.

वाचक म्हणतील, या बाईंचा कैवार घेण्याचे कारण काय? एक जीव गेला, तो हिच्या हातून गेला. हे म्हणणे मला टाकाऊ वाटत नाही. झाकणावरची सूचना वाचणे ही काही अवघड विद्या नव्हे. मंडळाने कठोर असावे, याला तर मोठेच कारण आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांत चार्ल्स कलेन नावाच्या परिचारकाने सोळा वर्षे रुग्णांचे खून केले. संशय आला की एक रुग्णालय त्याला सोडून देई आणि दुसरे कामावर घेई. आधीचे पुढच्याला काही कळवीत नसे. २००३ साली तो पकडला गेला, तोवर त्याचा परवाना शाबूत होता. अशा माणसापासून रोग्याला वाचवण्यासाठीच मंडळे असतात.

पण म्हणूनच या दोन प्रकरणांतला फरक नीट पाहिला पाहिजे. कलेनचे सत्य कोणी सांगत नव्हते, म्हणून माणसे मेली. वॉटचे सत्य तिने स्वतः सांगितले होते. मंडळापुढे खरा प्रश्न एकच असतो : ही व्यक्ती उद्या रोग्याच्या उशाशी उभी राहिली, तर रोगी सुरक्षित आहे काय? अपराध किती, हे कोर्टाने पाहावे. चूक घडली कशी, हे रुग्णालयाने शोधावे. २०१८ मध्ये मंडळाच्या प्रश्नाचे एक उत्तर निघाले, २०२१ मध्ये दुसरे निघाले. चूक मात्र तीच होती. मधल्या काळात वाढला होता तो लोकांचा संताप. तो रास्तही असेल. पण संताप हे मोजमापाचे साधन नव्हे.

वर्गात फळ्यावरचे घड्याळ फुटते. 'कोणी फोडले?' असे मास्तर विचारतात. एक मुलगा उभा राहतो. त्या दिवशी मास्तर त्याच्याशी जसे वागतात, तसे उरलेली चाळीस मुले वर्षभर त्यांच्याशी वागतात. छडी एकाच्याच हातावर बसते, पण गप्प सगळा वर्ग होतो. रुग्णालयात घड्याळे फुटत नाहीत, माणसे दगावतात, म्हणून तर ते गप्प बसणे अधिक भयंकर. चुकीचे औषध गेल्याचे नर्सने तत्काळ सांगितले, तर पुष्कळदा उतारा देता येतो. ती परवान्याच्या भीतीने अर्धा तास विचार करीत बसली, तर तो अर्धा तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.

आपल्या धर्मशास्त्राने दंड आणि प्रायश्चित्त या दोन गोष्टी निरनिराळ्या मानल्या होत्या. दंड राजा देई. प्रायश्चित्तासाठी मात्र माणूस आपण होऊन परिषदेपुढे जाई, आपले पाप उघड सांगे, आणि परिषद त्याला मार्ग सांगे. त्या परिषदांनी जातीप्रमाणे माप बदलून पुष्कळ अन्याय केला, हे मी विसरत नाही. परंतु त्या कल्पनेच्या मुळाशी एक शहाणपण होते. सांगणाऱ्याला परत येण्याची वाट होती.

आजच्या मंडळांपाशी ती वाट अरुंद आहे आणि लांबही. ब्रिटनमध्ये आपल्या देशातील हजारो मुली रुग्णसेवा करतात. तेथील परिचर्या परिषदेच्या कारभाराची स्वतंत्र पाहणी २०२४ साली झाली. चौकशा वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि चौकशीत सापडलेल्या सहा जणांनी वर्षभरात आत्महत्या केल्या असाव्यात, असे तीत नमूद झाले. निकाल लागण्यापूर्वीच शिक्षा भोगून झाली, असा याचा अर्थ.

मग कबुली दिली की सोडून द्यावे काय? नाही. तिला काही काळ कामापासून दूर ठेवावे, पुन्हा शिकवावे, दुसऱ्याच्या नजरेखाली काम द्यावे. शिकण्यासारखी नसेल, तर परवानाही काढून घ्यावा. पण ज्या संस्थेने लपवले, तिच्यापेक्षा जिने सांगितले तिचे अधिक नुकसान होता कामा नये. नॅशव्हिलला झाले ते नेमके उलट. रुग्णालयाने सरकारला सुधारणेची योजना सादर केली आणि ते चालू राहिले.

कबुलीला सौम्यपणे वागवावे, ते कबुली देणारीवर उपकार म्हणून नव्हे. त्या कबुलीवर खरा हक्क तिच्या पुढच्या रोग्याचा असतो. त्याला अजून आजारही झालेला नाही, म्हणून मंडळाच्या सभेत त्याच्या वतीने कोणी बोलत नाही. कधी ना कधी तो रोगी आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे.