चिकलठाण्याहून, एकेक बिंदू

निवांत बसा. खांदे सैल सोडा. समोर पडद्यावर बोइंग ७३७चं कॉकपिट आहे, विमान चिकलठाण्याच्या विमानतळावर उभं आहे, इंजिनं बंद आहेत. घाई कशाचीच नाही.

विमानाच्या संगणकात निघायचं ठिकाण टाका: व्ही-ए-ए-यू, चिकलठाणं. पोहोचायचं ठिकाण: व्ही-ए-बी-बी, मुंबई. आता थांबा. या दोन नोंदींच्या मधले सुमारे १५० सागरी मैल अजून कोरे आहेत. डोळे मिटा आणि त्यांवरून सावकाश जा. गोदावरी, आपली गंगा. श्रीरामपूरकडचा ऊस. संगमनेर. मग जमीन चढू लागते, हरिश्चंद्रगड येतो, आणि कोकणकड्यापाशी सगळं एकदम खाली कोसळतं.

गडाचाच बिंदू घेऊ या. नकाशा सांगतो, १९.३९ उत्तर, ७३.७८ पूर्व. बोटं लगेच तेच आकडे दाबायला धावतील. त्यांना आवरा, एक श्वास घ्या. हे दशांशातले अंश आहेत. विमानाच्या संगणकाला अंश आणि मिनिटं लागतात. ०.३९ला ६०नं गुणा, २३.४ येतात. म्हणून एन-१९२३.४. घाईत १९३९ टाकलं असतं, तर बिंदू साडेपंधरा सागरी मैल उत्तरेला, कळसूबाईच्याही पलीकडे गेला असता, आणि यंत्रानं हूं की चूं केलं नसतं. डोंगर आपल्याला ठाऊक असतो, त्याला नाही.

२८ नोव्हेंबर १९७९ला न्यूझीलंडहून अंटार्क्टिका पाहायला निघालेल्या विमानाच्या मार्गातले आकडे उड्डाणाआधी बदलले गेले होते. वैमानिकांना ते कुणी सांगितलं नव्हतं. विमान एरेबस पर्वतावर आदळलं, २५७ माणसं गेली. सरावातल्या आकड्याकडेही म्हणूनच मी आदरानं पाहतो.

पूर्वेचा आकडाही तसाच, ई-०७३४६.८. तो लिहिला की नोंद संगणकाच्या पडद्याच्या तळच्या ओळीत थांबते. बाजूची कळ दाबली की ती यादीत बसते, तरी विमानाला अजून लागू होत नाही. बदल लागू करणारं एक्झेकचं बटण उजळलेलं असतं. इथेच रेंगाळा. चिकलठाण्यापासून दिशा वाचा: साधारण २५३ अंश. अंतर: सुमारे ९६ सागरी मैल. नकाशावर पट्टी ठेवून ताडून पाहा. जुळलं की दाबा.

गडाच्या पुढे रिकाम्या चौकोनांची ओळ दिसेल. मार्ग तिथे तुटलेला आहे. ती झटकन पुसू नका. खाली मुरबाड, पुढे कल्याण, खाडी. कुठे किती उंचीवर असायचं ते आधी ठरवा, मगच जोडा.