पांघरूण

न्यू जर्सीतील आमचे घर 1986 साली बांधलेले. स्वयंपाकघराच्या छतात पत्र्याच्या डब्यांत बसवलेले सहा दिवे आहेत. एका हिवाळ्यात ओट्यावरचा दिवा मध्येच विझू लागला. दहा-पंधरा मिनिटांनी आपणहून पेटे. मी दोनदा बल्ब बदलला आणि दोन्ही वेळा दोष बल्बलाच दिला.

माळ्यावर चढलो तेव्हा कारण दिसले. ते माझ्याच हातचे होते. थंडीपूर्वी मी तेथे इन्सुलेशनसाठी फायबरग्लासच्या गाद्या अंथरल्या होत्या आणि कोठेही फट राहू नये या आग्रहापायी दिव्यांचे डबेही झाकले होते. गादी उचलली. तिचे कागदी अस्तर डब्याला टेकले होते तेथे काळवंडले होते. बोट लावताच त्याचा तुकडा मोडला.

जुन्या पद्धतीच्या बल्बला मिळणाऱ्या विजेचा सुमारे नऊ दशांश भाग उष्णतेत जातो. ती पत्र्यातून वरच्या हवेत निघून जावी, अशी या डब्यांची रचना असते. वाट बुजली की डबा तापतो आणि त्यातील संरक्षक खटका वीज तोडतो. ज्या बिघाडाला मी कंटाळलो होतो, त्यानेच घर राखले होते. 'आयसी', म्हणजे इन्सुलेशन टेकले तरी चालेल, असा शिक्का नसलेल्या दिव्यापासून इन्सुलेशन किमान तीन इंच दूर असावे, त्यावर तर मुळीच नसावे, असा अमेरिकेच्या विद्युतसंहितेचा नियम आहे. इशाऱ्याचे लेबल डब्याच्या आतच असते. दोन्ही वेळा बल्ब काढताना ते माझ्या डोळ्यांसमोर होते.

पांघरूण घालणे मायेचेही असते आणि चुकीवरचेही. वडील पुण्याहून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा बर्फाचे, रहदारीचे भय सांगून मी त्यांना एकट्याने बाहेर पडू देत नसे. हळूहळू ते बोलेनासे झाले. ते येथे रुळले, असे मी भावाला फोनवर सांगत असे. काळजी घेणाऱ्याला आपल्या काळजीची तपासणी करावीशी वाटत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

आता प्रत्येक डब्याभोवती, तीन इंचांवर, पत्र्याचे कडे उभे केले आहे. त्या मोकळ्या जागेतून थोडी ऊब वाया जाते. ती जाऊ द्यावी लागते. आपल्याकडेही असा दिवा मध्येच विझत असेल, तर नवा बल्ब आणण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, विजेरी घेऊन एकदा माळ्यावर जाऊन पाहावे.