न पाहता केलेली सही



आपल्या धर्मग्रामातील मुले-मुली डॉक्टर होत आहेत, ही आपणां सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. त्यांतील काहीजण पॅथॉलॉजी ही शाखा घेतात. घरच्यांना ते सुरुवातीला फारसे रुचत नाही. "डॉक्टर झाली, पण पेशंट तपासत नाही," असे शेजारीपाजारी म्हणतात. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, पुढे एमडीची तीन वर्षे, डोक्यावर शिक्षणाचे कर्ज. अशा वेळी एखादा लॅबमालक येतो आणि म्हणतो, "तुम्ही रोज यायची गरज नाही. रिपोर्टखाली फक्त तुमची सही राहील. महिन्याला ठरलेली रक्कम मिळेल." अशा तीन-चार लॅब धरल्या की हप्त्याची चिंता मिटते.

ही सही द्यावी का, असे एका तरुण डॉक्टरने आम्हांला विचारले. लॅबमधला टेक्निशियन अनुभवी आहे, मशीन चांगले आहे, मग "फादर, रिपोर्ट बरोबरच असेल तर त्यात खोटे काय?" असा तिचा प्रश्न होता.

कायद्याच्या बाजूने उत्तर शोधता येते. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असा निर्णय गुजरात उच्च न्यायालयाने २०१० साली दिला आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. परंतु सही कोणाची हवी एवढे ठरले, म्हणून सहीचा अर्थ काय, हा प्रश्न सुटत नाही. तो सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न आहे.

उत्तरासाठी आम्ही बायबलमधील एका रुक्ष वाटणाऱ्या अध्यायाकडे वळतो. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात कातडीवर डाग उठलेल्या माणसाने काय करावे ते सांगितले आहे. त्याला याजकाकडे नेत असत. याजक त्याला बरे करीत नसे. त्याचे काम एवढेच, की डाग नीट पाहायचा आणि काय दिसले ते सांगायचे. डाग कातडीपेक्षा खोल गेला आहे का, त्यावरचा केस पांढरा झाला आहे का, हे तो पाही. खात्री नसेल तर त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवून तो पुन्हा पाही. तरी खात्री नसेल तर आणखी सात दिवस. त्याच्या एका शब्दावर त्या माणसाचे घर, शेजार आणि उपासनेतील जागा अवलंबून असे. म्हणून न पाहता बोलण्याची मुभा त्याला नव्हती. प्रभू येशूनेही बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्यांना याजकाला दाखवायला पाठवले, ते याच नियमाला धरून.

आजचा पॅथॉलॉजिस्ट काही अंशी हेच काम करतो. शरीरातून काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप घेतात, रंग देऊन काचेवर लावतात. मग एक माणूस सूक्ष्मदर्शकात डोळा घालतो आणि ठरवतो की ही गाठ साधी आहे की कॅन्सरची. कधी रुग्ण ऑपरेशन टेबलावर बेशुद्ध असतो, सर्जन थांबलेला असतो आणि तुकडा गोठवून काही मिनिटांत उत्तर द्यावे लागते. स्तन काढायचा की ठेवायचा, ते त्या उत्तरावर ठरते. ज्या बाईचे हे भवितव्य आहे, तिचा चेहराही पॅथॉलॉजिस्टने पाहिलेला नसतो. तिच्या बाजूने कोण उभे असते? फक्त त्याचा प्रामाणिकपणा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रिपोर्टवरील सही दोन गोष्टी सांगते. पहिली, साखर इतकी आहे किंवा पेशी अशा आहेत. दुसरी, हे मी पाहिले आहे आणि याला मी जबाबदार आहे. न पाहता सही केली तर पहिली गोष्ट योगायोगाने खरी असू शकेल, पण दुसरी प्रत्येक वेळी खोटीच असते. न्यायालयात एखाद्याने आपण घटनास्थळी होतो असे शपथेवर सांगितले आणि तो तेथे नव्हता, तर त्याने सांगितलेली हकीकत नेमकी निघाली म्हणून तो खरा साक्षीदार ठरत नाही. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. रिपोर्टवरील सही ही साक्षच आहे.

कोणी म्हणेल, "मोठ्या इस्पितळात रोज शेकडो रिपोर्ट निघतात. प्रत्येक आकडा कोण पाहणार?" हा आक्षेप योग्य आहे. पाहणे म्हणजे प्रत्येक नळीवर डोळा ठेवणे नव्हे. सकाळी ठाऊक असलेल्या मूल्याचा नमुना मशीनवर लावतात. उत्तर चुकले तर दोष सापडेपर्यंत रिपोर्ट सोडत नाहीत. नळीत रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम उगाच वाढलेले दिसते, हे ओळखून नवा नमुना मागवतात. आकडा रुग्णाच्या आजाराशी जुळत नसेल तर डॉक्टरांना फोन करतात. जो हे सर्व करतो किंवा आपल्या देखरेखीखाली करवून घेतो, त्याची सही खरी. ज्याला त्या लॅबची पायरीही ठाऊक नाही, त्याची सही खोटी. टेक्निशियनच्या कष्टांना आणि कौशल्याला आम्ही कमी लेखत नाही. उलट, दुसऱ्याच्या नावाआड त्याला लपवणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

"मी नाही केली तर दुसरा कोणी करील," हेही आम्ही ऐकतो. करीलही. पण दुसऱ्याच्या सहीचा हिशेब देव आपल्याला विचारणार नाही, आपल्या सहीचा विचारील.

नेपल्सचे संत जुझेप्पे मोस्काती (१८८०-१९२७) हे डॉक्टर होते, शवविच्छेदनात निष्णात होते. शवविच्छेदनाच्या खोलीत त्यांनी क्रूस लावला होता. सत्यासाठी छळ सोसावा लागला तरी मागे हटायचे नाही, असा निश्चय त्यांनी १९२२ साली लिहून ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली त्यांना संत म्हणून घोषित केले. ज्याला आभार मानायला येणारा रुग्ण भेटत नाही, त्याच्याही कामाला वेदीजवळ जागा आहे, हे आपल्या तरुण पॅथॉलॉजिस्टांनी लक्षात ठेवावे.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न डॉक्टरांपुरता नाही. परदेशी नोकरीच्या मेडिकलसाठी किंवा विम्यासाठी "रिपोर्ट जरा नॉर्मल करून द्या ना, ओळखीचे आहात" असे कोण म्हणते? आपणच. लेकीने सही विकायला नकार दिला तर "इतके शिकून काय उपयोग?" असे कोण म्हणते? तेही आपणच. आपणही सह्या करतो: कर्जाला जामीन म्हणून, लग्नाच्या चौकशीत साक्षीदार म्हणून. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममाता-धर्मपिता होऊन आपण शब्द देतो. त्यांतील किती सह्या आणि किती शब्द आपण पाहून, समजून दिले?

ह्या आठवड्यात कोठेही आपले नाव लिहिण्याआधी क्षणभर थांबू या. आणि ज्या घरातील मूल कमी पैशात पण खरे काम करण्याचे ठरवील, त्या घराने त्याच्या पाठीशी उभे राहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू