उद्देशिका पाठ झाली, पुढे काय?



२६ जानेवारी २०२० पासून शासनाने महाराष्ट्रातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सक्तीचे केले. आमच्या वैरागचे मूलही ती घडाघडा म्हणते. परंतु अर्थ न कळता म्हटलेले शब्द म्हणजे मंत्रच. तसली पोपटपंची १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण सोडली ना?

नागरिकशास्त्राच्या पेपरात अनुच्छेद १७ लिहिला की गुण मिळतात. त्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिला शिक्षा ठेवली. कायदा पाणवठा खुला करील. पण मनात आपुलकी कशी पेरील? १९५४ साली आकाशवाणीवरून बाबासाहेबांनी सांगितले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाकडून घेतली. त्यांत त्यांनी सर्वश्रेष्ठ स्थान बंधुतेला दिले. बंधुता म्हणजेच मैत्री.

ती घरात शिकावी लागते. सायंकाळी वंदना झाल्यावर मुलाला विचारा : आज वर्गात कोणाला दूर बसविले काय? तेव्हा तू काय केलेस? आणि त्यालाही विचारू द्या : मातंग वा पारधी शेजाऱ्याच्या घरचे पाणी आपण पितो का? हे उत्तर देताना आईबापांची मान खाली जाऊ नये. नागरिकत्वाचा पहिला धडा तोच, आणि शीलाचाही.

जयभीम!