आईचा अर्धा तास कुठून येणार?



गेल्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. जयपूरच्या मानसरोवर भागातील आमच्या घरी रात्री साडेदहाच्या सुमारास मी एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद पूर्ण करत होतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे आणि अभ्यास सांभाळून ही अनुवादाची सेवा करतो. लेख गृहस्थजीवनाविषयी होता. घरात शांती कशी नांदेल, अन्न प्रसन्न मनाने कसे शिजवावे, दिवसाचा आरंभ ध्यानाने कसा करावा, हे त्यात सुंदर रीतीने सांगितले होते. त्यातले एक वाक्य असे होते की, मातांनी रोज सकाळी स्वतःसाठी अर्धा तास काढावा.

अनुवाद झाला की मी तो आईला वाचून दाखवतो. लहानपणापासून जयपूरला वाढल्यामुळे माझ्या मराठीत हिंदी शिरते आणि ती आईच्या कानाला लगेच खटकते. त्या रात्री ती दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी मटार सोलत बसली होती. मी ते वाक्य वाचले. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "मराठी बरोबर आहे रे. पण काढू कुठून?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिने खरोखरच विचारले होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

विहिरीतून पाणी काढायचे तर विहिरीत पाणी असावे लागते. बँकेतून पैसे काढायचे तर खात्यात शिल्लक असावी लागते. वेळ मात्र 'काढा' असे आपण एकमेकांना सहज सांगतो, शिल्लक किती आहे ते न पाहता. म्हणून आज आपल्याबरोबर या एका प्रश्नाचा विचार करायचा आहे. घरातील आईचे आरोग्य, तिची शांती, तिची साधना ही तिची एकटीची जबाबदारी आहे, की आपणा सर्वांची?

एका आठवड्याचा हिशेब

हिशेब ठेवणे हा माझ्या अभ्यासाचाच भाग आहे. आईची परवानगी घेऊन मी सात दिवस तिच्या दिवसाची नोंद ठेवली.

ती पहाटे चार पन्नासला उठते, कारण आमच्या गल्लीत नळाला पाचच्या सुमारास पाणी येते आणि तासाभरात जाते. मग आजीची उपाशीपोटी घ्यायची गोळी, त्यानंतर अर्ध्या तासाने तिचा चहा. तीन डबे. सात वाजून दहा मिनिटांनी शाळेची बस. आई एका खासगी शाळेत शिकवते. दुपारी पावणेतीनला घरी. आजीचे जेवण, तपासायच्या वह्या, सरसच्या बूथवरून दूध, भाजी, रात्रीचा स्वयंपाक, मागचे आवरणे. दिवा मालवेपर्यंत अकरा वाजून दहा मिनिटे. म्हणजे झोप पाच तास चाळीस मिनिटे. आठवड्याच्या नोंदीत तिचा असा स्वतःचा वेळ रोज सरासरी वीस मिनिटे निघाला, आणि त्या वीस मिनिटांतही चहा निम्मा गार झालेला असे.

मग मी स्वतःच्या दिवसाचे पान लिहिले. ते लिहिताना लाज वाटली. "मला वेळच नसतो" असे म्हणणाऱ्या माझ्या पानावर रोज संध्याकाळी दोन तास फक्त मोबाईल होता.

आपल्याला वाटेल, हे एका घराचे झाले. पण आपल्या देशाने हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराचे देशव्यापी सर्वेक्षण केले. त्यात घरचे विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांची मिनिटे २८९ झाली, पण पुरुषांचीही ८८ वर आली. दोघांमधले अंतर २०२ मिनिटांवरून २०१ झाले. पाच वर्षांत एक मिनिट! शिवाय हे आकडे जे काम करतात त्यांचे आहेत. २०१९ मध्ये अशा कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे ८१ होत्या आणि पुरुष सुमारे २६.

आमच्या शहरात सवाई जयसिंहांनी बांधलेले जंतरमंतर आहे. तिथले सम्राट यंत्र सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखवते. सूर्य सर्वांना सारखाच दिवस देतो. एका घरात आला की तोच दिवस सारखा राहत नाही, हे आपल्याला त्या सावलीवरून कळत नाही. त्यासाठी घरातच पाहावे लागते.

नावे कोणाच्या, जमा कोणाच्या?

हिशेबाच्या पहिल्याच धड्यात आम्हाला दुहेरी नोंद शिकवतात. एका खात्यात काही जमा झाले, तर ते दुसऱ्या कुठल्यातरी खात्यातून आलेले असते. हवेतून काहीच येत नाही.

आईच्या अर्ध्या तासाचेही तसेच आहे. तिने ध्यानासाठी चार पन्नासऐवजी चार वीसला उठावे असे आपण सुचवले, तर तो अर्धा तास तिच्याच झोपेच्या खात्यातून गेला. एका खिशातले दुसऱ्या खिशात ठेवले. घरात कोणी काहीच दिले नाही. कामाला बाई ठेवली, तर तो वेळ आणखी एका आईच्या दिवसातून आला. तीही पहाटे आपले घर आवरून निघालेली असते. तिला योग्य वेतन आणि हक्काची सुट्टी नसेल, तर आपल्या घरातली शांती तिच्या थकव्यावर उभी आहे, हेही मनाशी मान्य करावे लागेल.

ब्राह्ममुहूर्ताचे महत्त्व आपण सारेच मानतो. पण 'अष्टांगहृदय' या ग्रंथात दिनचर्येचा अध्याय पाहिला तर ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश 'स्वस्थ' माणसाला केलेला आहे, आणि तो आयुष्याच्या रक्षणासाठी आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही, फार झोपणाऱ्याला योग साधत नाही तसाच फार जागणाऱ्यालाही साधत नाही, असे भगवंतांनी सांगितले आहे. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांत प्रमाण असावे, मगच योग दुःख दूर करतो. आपण या उपदेशातला पहाटेचा भाग आईला सांगतो. झोपेचा भाग तिच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र आपले राहून जाते.

त्याग की सोय?

इथे एक प्रामाणिक शंका येते. घरकाम हीच आईची सेवा नाही का? निष्काम कर्म हीच तिची साधना नाही का?

आहे, निश्चित आहे. कणीक मळताना नामस्मरण करणारी स्त्री कोणत्याही ध्यानकक्षातील साधकाहून मागे नाही. पण कर्मयोग हा ज्याचा त्याने स्वीकारायचा असतो. मी सोफ्यावर बसून आईला म्हणालो की तुझे काम हीच तुझी पूजा, तर तो उपदेश राहत नाही. त्याग स्वतः करायचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतला की ती आपली सोय होते, आणि सोयीला अध्यात्माचे नाव दिले की ती आपल्याला दिसेनाशी होते.

संत जनाबाई आठवून पाहा. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनी. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही तिचे जाते म्हणून एक जाते भाविकांना दाखवतात. परंपरा सांगते की विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसे, तिच्याबरोबर गोवऱ्या वेचायला जाई. मला या कथेत एक गोष्ट फार मोलाची वाटते. देवाने जनीला, काम लवकर उरकून माझ्याकडे ये, असे सांगितले नाही. तो स्वतः आला आणि त्याने जात्याच्या खुंट्याला हात लावला.

आपण त्या विठ्ठलाचे भक्त म्हणवतो. मग आपला हात कुठे आहे?

हातातले काम आणि डोक्यातले काम

आमच्या घरी आम्ही सुरुवात केली ती साधी होती. पहाटेचे पाणी आणि आजीची गोळी माझ्याकडे आली. रात्री भाजी निवडून चिरून ठेवणे बाबांकडे गेले. आजी म्हणाली, "आमच्या वेळी..." मला वाटले, आता विरोध होणार. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "आमच्या वेळी कुणी विचारलंच नाही." मग तिने मटार सोलायला स्वतःकडे ओढून घेतले.

पहिले काही दिवस फसले. आई आसनावर बसायची, पण तिचे कान स्वयंपाकघरात असायचे. कुकरची शिट्टी झाली की तिथूनच, "गॅस बारीक कर!" गोळी देण्याची वेळ झाली की, "दिलीस का रे?" मराठीत आपण 'स्वस्थ बस' असे सहज म्हणतो. स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठिकाणी स्थिर. आईचे शरीर आसनावर होते, पण ती तिथे नव्हती.

तेव्हा लक्षात आले की आम्ही तिच्या हातातले काम घेतले होते, डोक्यातले नाही. सिलिंडर कधी संपेल, आजीच्या गोळ्या किती उरल्या, दूध किती आणायचे, हे सारे अजून तीच सांभाळत होती. मी पाणी भरत होतो, पण तिने हाक मारल्यावर. म्हणजे ती उठलेलीच होती. मग मी माझ्या मोबाईलला पहाटेचा गजर लावला. गोळ्यांची पाकिटे माझ्या टेबलावर आली. पहिल्या महिन्यात एकदा मी झोपून राहिलो आणि टाकी रिकामी राहिली. त्या दिवशी सगळ्यांची धावपळ झाली. आई काहीच बोलली नाही आणि तिने ते काम परतही घेतले नाही. मला वाटते, त्या दिवशी ते काम खऱ्या अर्थाने माझे झाले.

दिलेले पुन्हा मोजू नये

आता जी गोष्ट सांगतो ती माझ्यासाठी सर्वांत मोठी शिकवण ठरली.

सकाळचा अर्धा तास मोकळा झाला. मी मनात चित्र रंगवले होते: आई दिवा लावेल, ध्यानाला बसेल, तिच्या चेहऱ्यावर तेज येईल, आणि मी त्यावर एखादा लेखही लिहीन. पहिला आठवडा ती बसली, तो आमच्या समाधानासाठी. नंतर ती झोपू लागली. पाणी भरताना मी खोलीच्या दारातून पाहायचो, तर ती रजई ओढून गाढ झोपलेली.

मला राग आला, हे कबूल करतो. मी थंडीत उठून पाणी भरतो ते काय हिने झोपावे म्हणून?

त्याच विचारापाशी मी थांबलो. अर्धा तास मी दिला होता, की साधनेच्या अटीवर उधार दिला होता? दान दिल्यावर त्याचा विनियोग तपासत बसलो तर ते दान उरत नाही. आणि जिची झोप कित्येक वर्षे आम्ही सर्वांनी मिळून खर्च केली, तिने ती थोडी वसूल केली तर त्यात चुकले काय? तिच्या शरीराने आधी मागितले ते तिने आधी दिले. गीतेत सांगितलेले प्रमाण तिने कोणालाही न विचारता स्वतःच ठरवले.

आता ती कधी झोपते, कधी ध्यानाला बसते, कधी नुसतीच गच्चीत चहा घेऊन उन्हात उभी राहते. चहा गरम असतो. मी दारातून पाहणे सोडून दिले आहे.

वाचकहो, जागरूक आणि मंगल गृहजीवन म्हणजे देवघरातील नीटनेटकेपणा किंवा भिंतीवर लावलेले वेळापत्रक नव्हे. घरातील प्रत्येकाला दुसऱ्याच्या थकव्याची जाणीव असणे, इथून ते सुरू होते. ती जाणीव फक्त आईलाच असेल, तर घर कितीही सात्त्विक दिसले तरी त्याचा भार एकाच खांद्यावर असतो.

आणि आपण स्वतः माता असाल, तर एवढीच नम्र विनंती: कोणी काम घ्यायला पुढे आले तर ते द्या. पोळी वाकडी होईल, टाकी एकदा रिकामी राहील. राहू द्या. स्वतःसाठी घेतलेला अर्धा तास ही चोरी नाही.

आजचा संकल्प

आज रात्री आपल्या आईचे, पत्नीचे किंवा सुनेचे एक काम निवडू या, असे काम जे आठवणीसह आपले करता येईल. तिला ते एकदाच सांगू या आणि उद्यापासून तिने न सांगता करू या. मग तिचा जो वेळ मोकळा होईल, त्यात ती काय करते हे विचारायचे नाही.

मूळ लेखातील ते वाक्य मी शेवटी संपादकांच्या अनुमतीने थोडे बदलले. मराठीत ते आता असे आहे: मातांना रोज सकाळी स्वतःसाठी अर्धा तास मिळावा, याची काळजी घरातील सर्वांनी घ्यावी. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आता मराठी बरोबर आहे."